शेवटच्या बाकावरच्या बाई

माझी बायको वीस-बावीस वर्षं शाळेत गणित शिकवत होती आणि तिला गणित येत नव्हतं. हे मी म्हणत नाही. मी सातवीत शाळा सोडलेला माणूस, मी कोण म्हणणार? ती स्वतःच म्हणायची, तेही पाहुण्यांसमोर, हातात चहाचा ट्रे घेऊन. मला लाज वाटायची. मी म्हणायचो, अगं, लोक काय म्हणतील? ती म्हणायची, लोकांनी विचारावं ना, मग इतकी वर्षं शिकवलंत काय म्हणून. कोणी विचारतच नाही.

तिला जाऊन या श्रावणात वर्ष होईल. तिच्या शाळेतली जुनी मुलं घरी आली होती. मुलं म्हणायचं आपलं, त्यांचेच केस पांढरे झालेत. म्हणाली, काका, बाईंवर काहीतरी लिहून द्या, आम्ही छापतो. एकाने लगेच काय काय यायला पाहिजे ते सांगितलं. शिस्त, माया, त्याग. मी म्हटलं, तुला एवढं पाठ आहे तर तूच लिही की. पण ते गेल्यावर वाटलं, हे लोक लिहितील ती बाई मला ओळखू येणार नाही. म्हणून बसलोय. शुद्धलेखन तपासून घ्या, बाकी काही हलवू नका.

आम्ही जोगेश्वरी पूर्वेला चाळीत राहायचो. मी मरोळला एका लहान कारखान्यात लेथ मशीनवर होतो. ती अंधेरीच्या एका मराठी शाळेत, दुपारच्या पाळीला. जुनी मॅट्रिक, मग डी.एड., मग नोकरी करता करता बाहेरून बी.ए. केलं, ते मराठी घेऊन. शाळेतले गणिताचे मास्तर सोडून गेले तेव्हा हेडमास्तरांनी विचारलं, वर्ग कोण घेईल? सगळे टेबलाखालचे आपले पाय बघत बसले. हिने हात वर केला. झाली गणिताची बाई. राणे बाई.

उंचीने बुटकी. फळ्याच्या वरच्या भागाला हात पोचायचा नाही, म्हणून तिच्या वर्गातला फळा वरून काळाभोर आणि खालून पांढराफटक. लिहिताना डावा हात पाठीवर घट्ट धरायची, का ते तिलाही माहीत नव्हतं. घरातही भिंतीवर खिळा ठोकायचा तर डावा हात पाठीवर. मी ओरडायचो, अगं, खिळा कोण धरणार? रागावली की मालवणीत यायची. "तुमका काय कळता? गप ऱ्हवा."

आणि मोजायची. कोणी बाई रागाने म्हणते ना, सतरा वेळा सांगितलं, ते उगाच म्हणायचं असतं. ही सतरा म्हणाली की सतराच. मी एकदा भांडणात म्हटलं, दहादा हेच तेच बोलतेस. तर म्हणाली, "चार वेळा. पहिल्यांदा मंगळवारी." पुढे भांडायला जागाच ठेवायची नाही. आता मी घरात एकटा काहीही आकडा बोलतो, पाहुण्यांना सांगतो, पन्नास वर्षं संसार झाला. पन्नास नाहीत झाली. दुरुस्त करायला कोणी नाही.

तिच्या वर्गावरून मी दोन-तीनदा गेलोय, विसरलेला डबा द्यायला. लांबूनच आवाज यायचा. खिडकीकडची रांग ओरडायची, "पक्ष!" दाराकडची रांग ओरडायची, "साध्य!" मग सगळा वर्ग एका सुरात सिद्धता म्हणायचा, कोन अबक, कोन बकड, म्हणून, म्हणून, म्हणून. भूमितीचं प्रमेय असं लिहायचं असतं म्हणे. आधी काय दिलंय ते, मग काय दाखवायचंय ते, मग दाखवायचं. शेजारच्या वर्गातले भूगोलाचे मास्तर दारात येऊन म्हणाले, "राणे बाई, तुमच्याकडे गणित चालतं की आरती?"

ही म्हणाली, "आरतीत कोणी नापास झालेलं ऐकलंय का, मास्तर?"

आणि खरंच तिच्याकडे कोणी नापास व्हायचं नाही. बोर्डाच्या पेपरात कुठलं प्रमेय येणार ते तिला वासाने कळायचं. त्यासाठी पार मालाडहून पोरं त्या शाळेत यायची. पोरांनी मधेच काही विचारलं, हे असंच का, हे कशावरून, तर तिचं ठरलेलं उत्तर असायचं. "परीक्षेला नाही. पुढे." खडू फळ्यावर टक् करून आपटायचा, की पुढचं प्रमेय सुरू. मला यात काही वावगं वाटत नसे. कारखान्यात आम्हीही ड्रॉइंगमध्ये असेल तेवढंच कापायचो.

आता भानूचं सांगतो, कारण भानूशिवाय ही बाई सांगता येणार नाही.

भानू वेसाव्याची, कोळ्याची पोर. आई बंदरावरच्या बाजारात मासळी विकायची. पोरगी आठवीत हिच्या वर्गात आली. रोज आंघोळ करून, केसांत अबोली माळून यायची, तरी मागच्या बाकावरची पोरं नाक धरायची. एकदा बाईने नाक धरणाऱ्याला फळ्यापाशी बोलावलं. म्हणाली, असंच नाक धरून हे उदाहरण सोडव. त्याला सुटेना. मग भानूला बोलावलं, तिने सोडवलं. बाई म्हणाली, "बघ, नाक मोकळं असलं की डोकं चालतं."

ही भानू सारखी विचारायची. बाई, पण कशावरून? वर्गात तेवढी एकच. त्यामुळे "परीक्षेला नाही" हे सगळ्यांत जास्त तिलाच ऐकायला मिळालं. हळूहळू तिने विचारायचं सोडलं. दहावीला गणितात दीडशेपैकी एकशे सत्तेचाळीस पडले. आईने पेढ्यांच्या जागी अख्खी सुरमई आणून दिली आमच्याकडे, चाळभर वास. बाईने तुकडे करून शेजारीपाजारी वाटले आणि प्रत्येक दारात सांगितलं, एकशे सत्तेचाळीस.

अकरावी-बारावी नीट गेली. तिथेही सूत्र घाला, उत्तर काढा, असंच होतं. मग भानू बी.एस्सी.ला गेली, गणित घेऊन.

पंच्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात, एका रविवारी सकाळी, ती दारात उभी.

"आत ये गं, उंबऱ्यावर काय उभी?" ही म्हणाली.

"बाई, मी नापास झाले."

"कशात?"

"गणितात."

बाई हसली. तिला वाटलं मस्करी. "पुरे झालं. सरबत घेतेस ना?"

भानूने पिशवीतून एक पेपर काढला. कॉलेजात सहामाहीला चाचणी झाली होती, तिचा तपासून परत दिलेला. बाईने चष्मा लावला. प्रश्न इंग्रजीत होता, ती शब्दाखाली बोट ठेवून वाचत गेली. खाली पाच विधानं दिली आहेत, प्रत्येक सिद्ध करा किंवा खोटं ठरवा.

"खोटं ठरवा म्हणजे काय गं?"

"म्हणजे त्यातली काही खोटी होती, बाई."

"पेपरात? छापून?"

"हो."

"छापलेलं खोटं कसं असेल?"

"मलाही तसंच वाटलं, बाई," भानू म्हणाली.

तिने पाचही सिद्ध करून ठेवली होती. भाषा इंग्रजी, पण मांडणी हिचीच. वर काय दिलंय, मग काय दाखवायचंय, मग सिद्धता, खाली पट्टीने मारलेल्या दोन रेघा, शेवटी चौकट. अक्षर मोत्यासारखं. त्या पाचांतली तीन विधानं खोटी होती. पोरीने तीन खोट्या गोष्टी नीटनेटक्या खऱ्या करून दाखवल्या होत्या. खाली शून्य, आणि लाल शाईत प्रोफेसरने एक ओळ लिहिली होती. हे तू कुठे शिकलीस?

पेपर वर्गात सगळ्यांसमोर वाटले. शेजारची मुलगी ती ओळ वाचून हसली. तेव्हापासून भानूने त्या वर्गात वही उघडली नाही. वार्षिक परीक्षेत तिने नाव-नंबर लिहिला आणि तीन तास तशीच बसून राहिली.

सरबत तसंच राहिलं. उठताना भानू म्हणाली, "बाई, एक विचारू? तुम्ही शिकवलं ते गणित नव्हतं का?"

उलट बोलली नाही ती. खरंच विचारत होती. भानू गेली. पेपर मात्र बाईने ठेवून घेतला, आणि त्या दिवशी घरात एकही आकडा ऐकू आला नाही.

कॉलेज उघडल्यावर मला म्हणाली, "अर्धा दिवस सुट्टी टाका. कॉलेजात जायचंय."

"कशाला?"

"त्यांनी विचारलंय ना, कुठे शिकलीस. उत्तर द्यायला नको?"

प्रोफेसर निघाले तरुण. नाडकर्णी म्हणून, किडकिडीत, शर्टावर शाईचा डाग. आम्ही दारातच उभे. हिने पेपर पुढे धरला.

"सर, ही ओळ तुम्ही लिहिलीत?"

"हो. का?"

"माझ्याकडे शिकली ती. मी राणे. शाळेत गणित शिकवते."

तो उठून उभाच राहिला. खुर्ची दिली. म्हणाला, "बाई, मी टोमणा नव्हता मारला. मला खरंच जाणून घ्यायचं होतं. निम्म्याच्या वर वर्गाने हेच केलंय."

"मग ती सगळी कुठे शिकली?"

"तुमच्यासारख्यांकडेच. चांगल्या शिक्षकांकडे. वाईट शिक्षकांची मुलं इथपर्यंत पोचतच नाहीत."

मला रागच आला त्याचा. मी म्हटलं, चल गं. पण ती उठेना. डावा हात पाठीवर नेऊन, खुर्चीत बसल्या बसल्याच, तिने विचारलं, "मला तुमच्या वर्गात बसू द्याल का? मागे बसेन. काही बोलणार नाही."

आणि बसली की! वर्षभर. कॉलेजचा तास सकाळी सात-वीसला, हिची शाळा दुपारी. साडेसहाला घर सोडायची. शेवटच्या बाकावर नऊवारी वयाची बाई, म्हणजे नेसायची पाचवारीच, पण त्या पोरांपुढे म्हणतो मी. चाळिशी उलटली होती. पहिल्या दिवशी एका पोराने विचारलं, "आंटी, तुमचा मुलगा कुठला?" ही म्हणाली, "मुलगा नाही. मीच आहे."

आमच्या चाळीत तर लोकांना विषयच मिळाला. नळावर एकाने मला विचारलं, काय राणे, बायकोला कॉलेजात घातलीस? मी म्हटलं, घातली, आणि डबाही मीच करून देतो, तुला काय त्रास? डबा मीच करायचो हे खरं होतं. पोळ्या वाकड्या व्हायच्या. तिने कधी नाव ठेवलं नाही, पण कुठल्या देशाचा नकाशा झालाय ते मात्र संध्याकाळी सांगायची.

दोन महिने तिला तिथलं ओ की ठो कळलं नाही. ती वही उघडून बसायची आणि पानाकडे बघत राहायची. एकदा भाजी निवडता निवडता रडली. मी म्हटलं, सोड ना. तुला काय परीक्षा द्यायचीय? म्हणाली, "अहो, मला वाटायचं गणित म्हणजे उत्तर. इथे उत्तर कोणाला नकोच आहे. इथे सगळं तेच चाललंय, जे मी पोरांना विचारू दिलं नाही. कशावरून, कशावरून, कशावरून." मग निवडलेली भाजी आणि कचरा एकाच टोपलीत टाकला तिने. मी वेगळं करत बसलो.

एक गोष्ट लिहू की नको असं झालंय, कारण वाटेल हा स्वतःचं घोडं पुढे दामटतोय. पण तिनेच चारचौघांत सांगितलेली आहे. मी एके संध्याकाळी कारखान्यातून तापून आलो होतो. गिऱ्हाइकाने शाफ्ट नापास केला होता, मापात केसाएवढा फरक पडला म्हणून. मी घरात ओरडत होतो, "अरे, तू आधी सांग ना, किती फरक चालेल! केसाएवढा सांग, केसाच्या दहाव्या हिश्शाएवढा सांग. तू सांगशील तितकं बारीक मी देतो. हत्यार किती बारीक लावायचं ते मी बघतो. पण आधी तू सांग!"

ती ओट्यापाशी होती. हात तसेच पिठाचे. म्हणाली, "परत बोला."

"काय परत बोला? शिव्या?"

"शिव्या सोडून. आधी कोण सांगणार, नंतर कोण ठरवणार?"

मी परत सांगितलं. ती वही घेऊन जमिनीवर बसली, पिठाच्या हातांनीच पानं उलटायला लागली. नाडकर्णी सर दोन महिने काहीतरी शिकवत होते, एक आकडा दुसऱ्या आकड्याच्या जवळ जवळ जातो म्हणजे नक्की किती जवळ, असलं काही. समोरच्याने वाटेल तितकं बारीक मागावं आणि आपण ते देऊन दाखवावं, एवढंच ते होतं म्हणे. ते तिला त्या दिवशी कळलं. मला पुढचं आजही कळत नाही. शाफ्टचे पैसे मात्र बुडाले ते बुडालेच.

त्या वर्षात दर दुसऱ्या रविवारी ती वेसाव्याला भानूकडे जायची. आधी निरोप पाठवून बघितला होता, भानू आली नाही. मग स्वतः गेली. भानू आईच्या शेजारी बाजारात बसायला लागली होती. हिला बघितलं की पदर सावरून उठायची, चहा मागवायची, सगळं करायची. गणिताचं नाव काढलं की म्हणायची, "बाई, पापलेट ताजं आहे, न्या." आई तोंडाने फटकळ. एकदा हिला म्हणाली, "बाय, तू पोरीला लय शिकवलंस. आता ती धड कोलीन नाय नि धड म्याडम नाय." बाई ते ऐकून घ्यायची. घरी येऊन खिडकीबाहेर बघत बसायची. मी विचारायचो, काय म्हणाली? ती म्हणायची, "पापलेट ताजं आहे."

पुढच्या मे महिन्यात तिने आमच्याच खोलीत वर्ग काढला. शाळेत तिच्याच हाताखालून गेलेली, बारावी होऊन कॉलेजात गणिताला जाणारी पोरं, अंधेरी-जोगेश्वरीची, सात-आठ असतील. फी नाही. कॉट उभी करून भिंतीला लावायची आणि सगळे खाली. पहिल्या दिवशी तिने पाच विधानं लिहून दिली आणि म्हणाली, सोडवा. दीड तासात सगळ्यांनी पाचही सिद्ध केली. चौकटीसकट.

"यातली दोन खोटी आहेत," बाई म्हणाली.

पोरं चिडली. एक मुलगी उठून म्हणाली, "बाई, तुम्ही मुद्दाम खोटं लिहिलंत?"

"हो. आणि तुम्ही ते खरं करून दाखवलंत. माझ्याकडे येऊन हे शिकलात, आता माझ्यासमोरच विसरायचं."

दुसऱ्या दिवशी एकाचा बाप भांडायला आला, फुकटात पोरांना खोटं शिकवता म्हणून. त्याला तिने आत बसवून घेतलं आणि पाटी दिली.

एक खेळ मलाही कळला, तो सांगतो. कुठलाही आकडा घ्या. त्याला त्यानेच गुणा. त्यात तोच आकडा मिळवा, वर एक्केचाळीस मिळवा. जे उत्तर येईल त्याला, एक आणि तो आकडा स्वतः सोडून, कशानेही भाग जात नाही. खरं की खोटं? पोरांनी एक घालून बघितला, दोन घालून बघितला. दहा झाले, वीस झाले. भाग जाईना. मीही कॉटमागे बसून बोटांवर करत होतो. पोरं म्हणाली, बाई, खरं आहे, झालं सिद्ध. बाई म्हणाली, आणखी घाला. तिसाव्यालाही खरं. मग ज्या मुलीने आदल्या दिवशी भांडण केलं होतं ती चिकाटीने पुढे गेली, आणि चाळीसला सगळं कोसळलं. उत्तराला एक्केचाळिसाने सरळ भाग गेला.

"एकोणचाळीस वेळा खरं होतं की, बाई!" एक मुलगा म्हणाला. "एकोणचाळीस वेळा खरं बोलला तर आपण माणसावर पण विश्वास ठेवतो."

"माणसावर ठेव," बाई म्हणाली. "यावर नको."

तो वर्ग मग दर मे महिन्यात भरला. ती निवृत्त झाली तरी भरला. गुडघे गेल्यावर कॉटवर बसून घ्यायची. किती पोरं झाली ते ती असती तर तिने सांगितलं असतं. त्यातली काही प्रोफेसर झाली, एक परदेशात शिकवतो. यायची, पाया पडायची, म्हणायची, बाई, तुमच्यामुळे निभावलं. ती चेहरा जराही न हलवता ऐकायची. ते गेले की मला म्हणायची, "एक राहिली." मी म्हणायचो, अगं, इतके पार पडले, त्यांचं बघ ना. ती म्हणायची, "जे पार पडले ते माझ्याशिवायही पडले असते कदाचित. जी राहिली ती माझ्यामुळे राहिली, हे नक्की. कदाचित आणि नक्की यांत फरक आहे."

शेवटचे चार महिने ती अंथरुणावर होती. ते मी लिहिणार नाही. त्यात सांगण्यासारखं काही नाही, सगळ्यांचं सारखंच असतं. तिच्या तेराव्याला खोली भरून लोक आले. भानू नव्हती. तिला कळलंही नसेल, आणि कळवायचं तरी कुठे, लग्न होऊन ती पार उत्तनकडे गेली असं ऐकलं होतं.

डोळे मिटले की मला ती अंथरुणावरची दिसत नाही. मला दिसते ती शहाऐंशीच्या जूनमधली, वेसाव्याची.

नाडकर्णी सरांनी भानूला परत पहिल्या वर्षाला बसवून घ्यायचं कबूल केलं होतं. फॉर्म त्यांनीच काढून दिला. भरायची शेवटची तारीख होती, सही तेवढी भानूची पाहिजे होती. बाई म्हणाली, तुम्हीही चला. मी गेलो. पावसाळा लागलेला, बोटी वर ओढून ठेवलेल्या, ओली मासळी बंद. भानू गोणपाटावर सुके बोंबील आणि सुकट मांडून बसली होती, आई शेजारी.

ही गिऱ्हाइकासारखी तिच्यासमोर उकिडवी बसली. फॉर्म पुढे केला. "आज शेवटची तारीख आहे. सही कर. बाकी सगळं मी बघते."

"नको, बाई."

"मी रोज सकाळी तुझ्या शेजारी बसेन. शेवटच्या बाकावर. मला सवय झालीय आता."

भानूला हसू आलं. "तुम्ही काय जन्मभर कॉलेजात बसणार का?"

"लागलं तर बसेन."

भानू सुकट सारखी करत राहिली. मग बाई म्हणाली, "तू मला विचारलं होतंस, मी शिकवलं ते गणित नव्हतं का. उत्तर द्यायचं राहिलंय. ते अर्धं होतं, भानू. उरलेलं अर्धं तू विचारत होतीस आणि मी तुला गप्प बसवत होते. ते मलाच येत नव्हतं म्हणून. चूक माझी, आणि मार तू खाल्लास." आणि तिने भर बाजारात पोरीपुढे हात जोडले.

आई घाबरलीच. "बाय, हात नको जोडू गो! मास्तरीण तू, आमाला पाप लागंल!"

भानूने तिचे हात धरून खाली केले. तिच्या हातांना सुकटीचा वास, हिच्या हातांना खडूचा. म्हणाली, "बाई, मला तुमचा राग नाही. देवाशप्पथ नाही. पण इथे मला सगळं येतं. तिथे मला काही येत नव्हतं. आता परत त्या वर्गात नाही जमणार."

मला वाटलं, आता ही सुरू होणार. बस कंडक्टरशी अर्धा तास हुज्जत घालणारी बाई. मी चप्पल सावरून तयारच झालो.

"बरं," ती म्हणाली.

एवढंच. मी म्हटलं, चल, बस येईल. ती म्हणाली, तुम्ही व्हा पुढे. मी रस्ता ओलांडून स्टॉपवर जाऊन उभा राहिलो. तिथून दोघी दिसत होत्या. बाई उठली, मला वाटलं निघाली, तर ती वळसा घालून गोणपाटाच्या पलीकडे गेली आणि भानूच्या शेजारी, विकणाऱ्याच्या बाजूला, बसली. भानू थोडी सरकली. आमची बस आली, गेली. दुसरी आली. मी हाक मारली नाही. तिसरी गेल्यावर परत बघितलं, तर भानू एका गिऱ्हाइकाला बोंबील मोजून देत होती, आणि ही त्या कोऱ्या फॉर्मने सुकटीवरच्या माशा हाकलत होती.